सरहद्दीजवळ ड्रोन उडवताना: हातातून सुटलेल्या मिनिटाची तयारी

नदीच्या बांधाचा सर्व्हे होता. नदी हीच दोन देशांची हद्द, आणि मोजायचा होता तो आमच्या बाजूचा बांध. ड्रोन ८० मीटर उंचीवर, आखलेला सगळा मार्ग अलीकडच्या काठाच्या आत, परवानग्या हातात. नवव्या मिनिटाला सिग्नल तुटला. मी शांत होते, कारण सिग्नल तुटला की ड्रोन आपोआप घरी येतं. ते आलंही. पण नदी तिथे घोड्याच्या नालेसारखी वळते. ड्रोन वळणाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि नालेच्या पोटातली जमीन पलीकडच्या देशाची. घरी येताना ड्रोन नदीचं वळण बघत नाही, ते सरळ रेषा धरतं. नंतर लॉग, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेली उड्डाणाची नोंद, उघडला तेव्हा कळलं की ३८ सेकंद माझं यंत्र दुसऱ्या देशाच्या हवेत होतं.

त्या ३८ सेकंदांत मी एकही स्टिक चुकीची हलवली नव्हती. हलवण्याजोगं काही हातात नव्हतंच. तेव्हापासून सरहद्दीजवळच्या प्रत्येक उड्डाणाची आखणी मी उलट बाजूने करते. ड्रोन माझं ऐकत असताना कुठे जाईल हा प्रश्न सोपा आहे. ऐकेनासं झालं तर पुढचं एक-दीड मिनिट ते कुठे जाईल, याचं उत्तर कागदावर आल्याशिवाय मी मोटर सुरू करत नाही. खाली लिहिलंय ते त्या मिनिटाबद्दल आहे.

आधी कायदा, थोडक्यात

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की आपल्या भूमीवरच्या हवेवर प्रत्येक देशाची संपूर्ण आणि एकट्याची सत्ता असते. आठवं कलम वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांबद्दल आहे: त्या देशाच्या खास परवानगीशिवाय असं विमान त्याच्या हद्दीत उडवायचं नाही. १९४४ साली लिहिलेलं हे वाक्य आपल्या हातातल्या पाऊण किलोच्या ड्रोनलाही लागू होतं. समुद्राकाठी ही हद्द किनाऱ्यावर संपत नाही, प्रादेशिक सागर १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, असू शकतो.

दुसरा भाग आपल्याच देशाचा. बहुतेक वेळा हद्द ओलांडण्याच्या कितीतरी आधी आपण आपल्याच देशाचा नियम मोडलेला असतो, आणि हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. भारतात २०१८ च्या नियमावलीने आंतरराष्ट्रीय सीमेपासून २५ किलोमीटरच्या आत ड्रोनला मनाई केली होती आणि त्यात नियंत्रण रेषा व प्रत्यक्ष ताबा रेषाही धरली होती. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर लाल, पिवळे, हिरवे पट्टे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघायचे असतात. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. काही ठिकाणी असे पट्टे अचानकही येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडने बेलारूस आणि युक्रेनच्या सीमेलगतची हवा एका रात्रीत निर्बंधाखाली आणली, तिथे नागरी ड्रोन पूर्ण बंद झाले. म्हणून वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचना, ज्यांना नोटॅम म्हणतात, त्या उड्डाणाच्या दिवशी सकाळी पुन्हा बघायच्या. आठवड्यापूर्वी बघितलेल्या नकाशाचा उपयोग नाही.

चुकून झालं हे सांगून सुटता येईल, या भरवशावर तर अजिबात राहू नका. मे २०२० मध्ये एका फ्रेंच पर्यटकाला इराणमध्ये तुर्कमेनिस्तानच्या सीमेजवळच्या वाळवंटात ड्रोन उडवल्यावरून अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली आठ वर्षांची शिक्षा झाली, आणि तो सुटला मे २०२३ मध्ये. सीमेवरच्या शिपायाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तस्करीचं ड्रोन, टेहळणीचं ड्रोन आणि बांध मोजणारं ड्रोन त्याला आकाशात सारखंच दिसतं, सारखंच ऐकू येतं. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. अशा घटनांनंतर पलीकडच्या आवाजाला कोणीही खेळणं समजत नाही, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

नकाशावरची रेषा नेमकी कुणाची

ड्रोनच्या ॲपमध्ये दिसणारी सरहद्दीची रेषा चित्र म्हणून बघायची, माप म्हणून धरायची नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१० मध्ये निकाराग्वाचं पथक कोस्टा रिका आपला मानत असलेल्या नदीमुखाजवळच्या भागात शिरलं, तेव्हा त्यांच्या प्रमुखाने गूगल मॅप्सकडे बोट दाखवलं होतं. गूगलने नंतर मान्य केलं की त्यांची रेषा २.७ किलोमीटरपर्यंत चुकलेली होती. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो भाग कोस्टा रिकाचा ठरवला.

दुसरी चूक अधिक बारीक असते आणि सर्व्हेतल्या माणसांनाही फसवते. नकाशा कोणत्या डेटमवर काढलाय, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि मोजणीची सुरुवात कुठून धरलीय, त्यावर तेच अक्षांश-रेखांश जमिनीवर वेगळ्या जागी पडतात. ग्रिनिचला वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखांशाची पितळी पट्टी आहे. तिच्यावर उभं राहून जीपीएस बघितलं तर शून्य दिसत नाही, शून्य तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला येतं. इतक्या गाजलेल्या रेषेची ही गोष्ट, तर शंभर वर्षांपूर्वीच्या सीमा आयोगाच्या नकाशावरून कुणीतरी गिरवलेल्या रेषेचं काय असेल? जुने टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचे छापील नकाशे, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ या डेटमवर न बदलता चढवले तर रेषा शेकडो मीटर सरकू शकते. चीनमध्ये तर नागरी नकाशे कायद्यानेच मुद्दाम सरकवलेले असतात, त्यामुळे रस्त्यांचा नकाशा आणि उपग्रहचित्र एकमेकांवर बसत नाहीत.

नदीची हद्द सगळ्यात अवघड. कुठे ती पात्राच्या मध्यावर असते, कुठे सर्वात खोल धारेवर, कुठे एका काठावरच. पुराने पात्र सरकलं तरी हद्द कधी सरकते, कधी जुन्या कोरड्या पात्रातच राहते. ते दोन देशांतल्या कराराप्रमाणे ठरतं. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधल्या बोडेन सरोवराच्या मोठ्या भागात तर हद्द नेमकी कुठे, यावर आजही तिघांचा करार झालेला नाही. म्हणून मी सरकारी सर्वेक्षण खात्याचा नकाशा घेते, तो स्थानिक सीमा चौकीतल्या माणसाला दाखवते आणि विचारते, तुम्ही गस्त घालताना कुठपर्यंत जाता? त्याचं उत्तर नकाशापेक्षा अलीकडचं निघालं तर मी त्याचं उत्तर धरते.

किती मागे राहायचं: एक हिशेब

परवानगी मिळाली, रेषा समजली. आता त्या रेषेच्या आत स्वतःची एक रेषा काढायची, जिच्या पलीकडे आपण मुद्दाम कधीच जाणार नाही. ती अंदाजाने काढू नका.

समजा ड्रोन ६० मीटर उंचीवर आहे आणि वारा सेकंदाला ८ मीटर, हद्दीच्या दिशेने. जीपीएस गेलं, ड्रोनला आपली जागा कळेना, ते वाऱ्याबरोबर वाहायला लागलं. काहीतरी बिघडलंय हे लक्षात येऊन हात हलेपर्यंत १५ सेकंद धरा. तुम्ही कितीही सराईत असलात तरी १५ धरा. मग सेकंदाला ३ मीटरने खाली उतरवायला २० सेकंद. एकूण ३५ सेकंद, गुणिले ८, म्हणजे २८० मीटर. नकाशाच्या चुकीचे १०० मीटर मिळवले की ३८०. वरती वारा जमिनीपेक्षा जोरात असतो आणि झोत येतात, म्हणून हा आकडा मी ५०० करते. वारा हद्दीकडून माझ्याकडे वाहत असेल तर याच हिशेबाने मला बरीच सूट मिळते, पण ती मी वापरत नाही. वारा हद्दीकडे वाहत असेल आणि काम थांबू शकत असेल, तर ते मी दुसऱ्या दिवसावर टाकते. सरहद्दीजवळ वाऱ्याचा वेग दुय्यम, आधी दिशा बघायची.

बॅटरीचा हिशेबही याच वाऱ्यातून येतो. ड्रोनचा कमाल वेग सेकंदाला १५ मीटर आणि समोरचा वारा १० असेल, तर परतताना जमिनीवरून वेग उरतो फक्त ५. जाताना एक मिनिट लागलेल्या अंतराला परत येताना पाच मिनिटं लागू शकतात. बॅटरी संपत आली की ड्रोन जिथे असेल तिथेच उतरतं, खाली कोणाची जमीन आहे हे ते विचारत नाही.

टाचणी आणि दोरा

हे मी त्या नालेच्या प्रसंगानंतर सुरू केलं आणि आजतागायत सोडलेलं नाही. उड्डाणाच्या भागाचा नकाशा कागदावर छापायचा. जिथून उडणार, तो होम पॉइंट, तिथे टाचणी टोचायची आणि तिला दोरा बांधायचा. मग तो दोरा उड्डाणाच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत आणि मार्गातल्या प्रत्येक वळणापर्यंत ताणून बघायचा. दोरा म्हणजे रिटर्न टू होमचा, ड्रोन आपोआप घरी येण्याचा, रस्ता. काही मॉडेल सिग्नल तुटल्यावर आधी ५० मीटर आल्या वाटेने मागे येतात, पण नंतर तीही सरळ रेषाच धरतात. दोरा कुठेही आपल्या आतल्या रेषेला शिवला, तर होम पॉइंट बदलायचा. बदलूनही जमत नसेल तर एका उड्डाणाची दोन उड्डाणं करायची, प्रत्येकाला वेगळी टाचणी. त्या दिवशी मी हे केलं असतं तर दोऱ्याने मला दहा सेकंदांत दाखवलं असतं. स्क्रीनवर हेच करता येतं, पण कागदावर हात फिरवताना नजर प्रत्येक कोपऱ्यावर थांबते, म्हणून मी कागद सोडत नाही.

याच कागदावर एक वर्तुळ काढा. साध्या ड्रोनमध्ये कमाल अंतराची मर्यादा घालता येते आणि ती होम पॉइंटभोवती वर्तुळासारखी असते. होम पॉइंटपासून आतल्या रेषेचं सर्वात जवळचं अंतर मोजा आणि मर्यादा त्याहून कमी ठेवा. काम त्या वर्तुळात मावत नसेल तर होम पॉइंट हद्दीपासून आणखी मागे न्यावा लागतो. आर्डुपायलट किंवा पीएक्स-४ या ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारं यंत्र असेल तर त्यातच हव्या त्या आकाराचं, न ओलांडायच्या हद्दीचं कुंपण आखता येतं, ते जरूर आखा. मात्र कुंपणाशी गेल्यावर यंत्राने काय करायचं, ही सेटिंग उघडून बघा. तिथे ‘परत ये’ लिहिलेलं असेल तर पुन्हा दोरा ताणा.

कंपनीने घातलेल्या कुंपणावर विसंबू नका. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये आपले जुने बंदी-भाग काढून त्याजागी बहुतांशी सूचना देणारे पट्टे आणले. ड्रोन उडालं म्हणजे उडवायला मुभा होती असं धरायचे दिवस गेले.

सर्व्हे करणाऱ्यांसाठी एक गोष्ट खास. ॲपमध्ये भाग आखला की ड्रोन त्या भागातच राहील असं वाटतं, आणि ते खरं नाही. ड्रोन भागावरून शेजारशेजारच्या सरळ रांगांनी फिरतं. रांग संपल्यावर वळण भागाच्या बाहेर घेतलं जातं, विमानासारखे पंख असलेल्या ड्रोनचं तर बरंच बाहेर. तिरक्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे असतील तर ॲप स्वतःहून मार्ग बाहेर वाढवतं: १०० मीटर उंची आणि ४५ अंशांचा कॅमेरा असेल तर १०० मीटर. म्हणून रांगा हद्दीला समांतर ठेवायच्या, आडव्या नाही. समांतर ठेवल्या की वळणं दोन बाजूंना जातात, हद्दीच्या अंगावर येत नाहीत. आणि पहिली रांग हद्दीपासून सर्वात लांबची घ्यायची, म्हणजे यंत्राची, वाऱ्याची आणि सिग्नलची त्या दिवशीची तब्येत सुरक्षित जागी कळते.

कंट्रोलरवरची पट्टी

माझ्या कंट्रोलरवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा असतो आणि त्यावर मार्करने एकच आकडा, उदाहरणार्थ २४०. हद्दीपासून सरळ दूर जाण्याची ती कंपासची दिशा. दर जागी नवी पट्टी, नवा आकडा.

कारण असं. सीमाभागात जीपीएस जाम करणं किंवा खोटं जीपीएस पाठवणं नेहमीचं झालंय. बाल्टिक समुद्राभोवती, भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला विमानांनाही त्याचा त्रास होतो. २०१६ मध्ये मॉस्कोत क्रेमलिनजवळ फिरणाऱ्यांचे फोन आपण शहराबाहेरच्या व्नुकोवो विमानतळावर आहोत असं दाखवू लागले होते. जीपीएस जाम झालं तर उपग्रहांचा आकडा धडाधड उतरतो. खोटं असेल तर आकडा चांगला दिसतो, पण नकाशावरचा बाण उडी मारतो, किंवा ड्रोन समोर स्थिर दिसत असताना स्क्रीन वेग दाखवते. अशा वेळी नकाशा, होम पॉइंट, कुंपण, रिटर्न टू होम सगळं एकदम निकामी होतं, कारण हे सगळं त्या एकाच आकड्यावर उभं आहे. तेव्हा घरी बोलावण्याचं बटण दाबू नका. खोट्या जागेवरून ते कोणत्या घराकडे निघेल ते सांगता येत नाही. खालचे कॅमेरे कमी उंचीवर जमीन बघून ड्रोनला स्थिर ठेवतात, पण पाण्यावर त्यांना धरायला काही सापडत नाही. नदीवर तर ही मदतही जाते.

पण कंपास उपग्रहांवर चालत नाही. ड्रोनचं तोंड पट्टीवरच्या आकड्याकडे वळवा, उजवी-डावीकडे न बघता पुढची स्टिक पूर्ण द्या, उंची कमी करत आणा, आपल्या बाजूला जमीन दिसली की उतरवा. (स्टिकची मांडणी दुसरी असेल तर आपल्या सवयीप्रमाणे.) हे घाबरलेल्या हाताने करायचं असतं, म्हणून सरहद्दीपासून लांब, मोकळ्या मैदानात किंवा सिम्युलेटरवर जीपीएस बंद ठेवून सराव करा. कंपासही फसू शकतो: लोखंडी कुंपण, पूल, काँक्रीटमधल्या सळ्या यांच्याजवळून उड्डाण सुरू करू नका. सीमेवर नेमकं हेच सगळं असतं. आणि होम पॉइंट नोंदल्याचा संदेश आल्यावर तो नकाशावर खरोखर तुमच्या पायाशी आहे का, हे डोळ्यांनी बघूनच वर जा.

दुसरा माणूस कुठे उभा करायचा

बहुतेक जण निरीक्षकाला, म्हणजे ड्रोनवर नजर ठेवणाऱ्या जोडीदाराला, आपल्या शेजारी उभं करतात. सरहद्दीवर त्याचा उपयोग फार थोडा. समोर लांब गेलेलं ड्रोन २०० मीटरवर आहे की ४००, हे मागून बघणाऱ्या डोळ्याला कळत नाही. माझा निरीक्षक आतल्या रेषेच्या टोकावर, बाजूला उभा असतो, रेषेच्या समांतर बघत. त्याला रेषा आपल्यासमोर सरळ पुढे जाताना दिसते आणि ड्रोन तिच्या अलीकडे की पलीकडे हे एका नजरेत कळतं. त्याने बोलायचे शब्द तीनच: ‘आत’, ‘जवळ’, ‘मागे’. ‘मागे’ ऐकलं की मी का ते विचारत नाही.

उड्डाणाआधी सीमा चौकीला वेळ, जागा, उंची, ड्रोनचा सिरियल नंबर आणि माझा फोन लेखी दिलेला असतो. परवानगी वरून आलेली असली तरी पहाऱ्यावरच्या माणसापर्यंत ती पोचलेली असतेच असं नाही.

गेलंच पलीकडे तर

आधी ड्रोन परत आणा, सर्वात जवळच्या रस्त्याने. गेलं त्याच वाटेने आणायची गरज नाही. वाटेत कॅमेरा कुठेही फिरवू नका. उतरवा, बॅटरी काढा. त्या दिवसाचं काम तिथेच संपलं.

फुटेज पुसू नका, लॉग पुसू नका. हा मोह मला झाला होता, बोट बटणावर होतं. पण पुसलेलं कार्ड बघणाऱ्याला एकच गोष्ट सांगतं. लॉगमध्ये मात्र सिग्नल तुटल्याची वेळ, यंत्राने स्वतः घेतलेला निर्णय आणि सरळ रेषा सेकंदा-सेकंदाने लिहिलेली असते. चुकून झालं हे तुमच्या बाजूने सांगणारा तेवढाच एक साक्षीदार आहे. कार्डाची प्रत काढा, मूळ कार्ड पाकिटात घाला, वर तारीख लिहा. आठवतंय तोवर दोन ओळी वहीत लिहा: वेळ, वारा, कोण कुठे उभं होतं. व्हिडिओ कोणालाही पाठवू नका.

मग आपल्या बाजूच्या सीमा दलाला आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाला स्वतःहून कळवा, त्यांनी विचारण्याआधी. पलीकडच्यांशी बोलायचं काम त्यांचं आहे, त्यांच्याकडे त्यासाठी ठरलेली वाट असते. मी त्याच तासात कळवलं. चौकीतल्या अधिकाऱ्याने लॉग दोनदा बघितला, वळणाचा नकाशा मागून घेतला आणि पलीकडे निरोप गेला. पुढे चौकशी झाली, महिनाभर माझं काम बंद राहिलं, ते योग्यच होतं.

आणि ड्रोन पलीकडे पडलं असेल तर ते आणायला जाऊ नका. उथळ पाणी असो, कुंपणात फट असो, समोर दिसत असो, पलीकडून कुणी हात करून बोलावत असो. ड्रोनने ओलांडलेली हद्द अपघात म्हणून मांडता येते, तुमच्या पायांनी ओलांडलेली नाही. सिरियल नंबर द्या, पडल्याची जागा नकाशावर खूण करून द्या, आणि अलीकडच्या काठावर थांबा.